खाऱ्या हवेत गाडीच्या कूलिंग होजसाठी क्लॅम्प निवडताना

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून आमची पिकअप रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाली होती. साखरपा मागे टाकून ती आंबा घाट चढू लागली आणि काही वळणांतच बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. रेडिएटरचा वरचा होज (इंजिन गार ठेवणारे कूलंट नेणारी रबरी नळी) तोंडावरून, म्हणजे तो जिच्यावर चढवतात त्या आखूड नळीवरून, निसटून बाजूला लोंबत होता. होज नवा होता आणि रेडिएटरही शाबूत होता. दगा दिला होता तो होज आवळून धरणाऱ्या क्लॅम्पने, आणि त्यातही पट्टी अजून चकचकीत होती. तिला आवळून धरणारा स्क्रू मात्र इतका गंजला होता की त्याचे आटे बोटाने चोळताच भुग्यासारखे झडत होते. पट्टीवर ‘स्टेनलेस’ असे ठसठशीत कोरलेले पाहून मीच तो क्लॅम्प विश्वासाने विकत घेतला होता. त्या दिवशी माल वेळेवर पोहोचला नाही आणि पुढे इंजिनाचे हेड गॅस्केटही बदलावे लागले.

त्यानंतर क्लॅम्प या लहानशा वस्तूकडे मी नीट लक्ष देऊ लागलो. ज्यांनी गाडी नुकतीच घेतली आहे, किंवा जे होज बदलण्याचे काम पहिल्यांदाच स्वतः करणार आहेत किंवा गॅरेजमध्ये उभे राहून करवून घेणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लेखातील मापे कोठेही लागू पडतात. धातूविषयीचा आग्रह मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आहे.

क्लॅम्पवर किती भार येतो याची आधी कल्पना यावी. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला असतो. वातावरणापेक्षा तितके बार अधिक दाब साठेपर्यंत ते झाकण बंद राहते, असा त्याचा अर्थ. आतून ३२ मिमी व्यासाच्या होजमध्ये १.१ बार दाब असेल, तर होजला तोंडावरून मागे ढकलणारे बल सुमारे ९ किलो वजनाएवढे होते. हा दाब मुद्दाम राखलेला असतो, कारण वातावरणापेक्षा १ बार अधिक दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. क्लॅम्प ढिला पडला की केवळ थेंब गळतात असे नाही. दाब टिकत नाही, त्यामुळे कूलंट लवकर उकळते आणि इंजिन तापते. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असते तेव्हा इंजिनावरचा भार मोठा आणि समोरून येणारा वारा कमी असतो. म्हणूनच सपाट रस्त्यावर महिनोन्महिने निभावून गेलेला क्लॅम्प घाटात हात टेकतो.

काय जमवावे

गाडीचे हस्तपुस्तक आणि नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवावे. मूळ कंपनीचा होज किंवा क्लॅम्प मागवायचा असल्यास दुकानदार गाडीचे नेमके मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि बहुतेक वेळा चॅसी क्रमांकही विचारतो. गाडी वॉरंटीत असेल तर कामाला हात घालण्यापूर्वी वॉरंटीची पुस्तिका वाचावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

हत्यारांमध्ये चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, ७ आणि ८ मिमीचे सॉकेट, मजबूत पक्कड, व्हर्नियर कॅलिपर, हातबॅटरी, बारीक पॉलिश पेपर, सुती फडके आणि कूलंट झेलण्यासाठी पसरट भांडे एवढे पुरते. व्हर्नियर नसेल तर दोरा आणि फूटपट्टी चालते. ती रीत पुढे दिली आहे. खिशात एक लहान लोहचुंबक जरूर ठेवा. दुकानात सर्वांत उपयोगी पडणारे साधन तेच आहे.

१. गाडी पूर्ण थंड होऊ द्या

तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले कूलंट एकदम उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत, म्हणजे शक्य असेल तर रात्रभर, थांबावे.

काढलेले कूलंट अंगणात, पर्‍यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि लहान मुलांनाही त्याचा रंग खुणावतो. ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या स्वाधीन करावे.

२. गाडीवर सध्या कोणता क्लॅम्प आहे ते ओळखा

अनेक कंपन्या गाडी कारखान्यातून बाहेर काढताना स्प्रिंगचा क्लॅम्प लावतात. ही स्प्रिंग पोलादाची रुंद पट्टी असते आणि तिला दोन कान असतात. पकडीने कान एकमेकांजवळ दाबले की ती फाकते. त्याला स्क्रू नाही, म्हणजे तो जुनाट किंवा स्वस्तातला आहे, असे समजून पुष्कळ जण तो काढून टाकतात. मीही पूर्वी असेच करीत असे. प्रत्यक्षात त्याचा मोठा गुण असा की रबर तापून फुगले की तो थोडा फाकतो आणि गार होऊन आकसले की पुन्हा घट्ट बसतो. स्क्रूचा क्लॅम्प जेथे आवळला तेथेच राहतो; कालांतराने रबर दबून पातळ होते आणि मग सकाळी गार इंजिनाखाली थेंब दिसतात, पण गाडी तापल्यावर गळती थांबते. या लपंडावामुळे गॅरेजला गळती सापडत नाही आणि मालक मात्र दर आठवड्याला कूलंट भरत राहतो.

तेव्हा मूळचा स्प्रिंग क्लॅम्प सुस्थितीत असेल तर तोच पुन्हा लावावा. मात्र त्याचा लेप उडून पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडलेले असतील तर तो बदलावा, कारण ताणाखालचे पोलाद असे खड्डे पडले की पूर्वसूचना न देता तुटते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांमध्ये ही तपासणी टाळू नये. नवा स्प्रिंग क्लॅम्प त्याच मापाचा हवा. जुन्यावर कोरलेला आकडा टिपून घ्यावा. तो काढताना पकड निसटली तर क्लॅम्प वेगाने उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.

दुसरा प्रकार स्क्रूच्या क्लॅम्पचा. काही दुकानांत त्यालाच जुबिली क्लिप म्हणतात. हा सर्वत्र मिळतो आणि एकाच क्लॅम्पमध्ये बऱ्याच व्यासांना जमवून घेतो. पुढील विवेचन मुख्यतः याचेच आहे. तिसरा, टी-बोल्टचा क्लॅम्प, टर्बो गाड्यांतील हवेच्या मोठ्या होजवर आणि अवजड वाहनांवर दिसतो. त्याची पकड जबरदस्त असते, पण आवळण्याची मर्यादा फार थोडी असल्यामुळे माप अगदी अचूक लागते. कान चिमटून बसवायचा क्लॅम्प एकदाच वापरता येतो, त्यामुळे रस्त्यात दुरुस्ती करावी लागली तर त्याचा काही उपयोग नाही.

३. व्यास होजच्या बाहेरून, होज तोंडावर चढवून मोजा

नवख्या माणसाची पहिली चूक येथे होते. दुकानात होजचा व्यास म्हणून आतला आकडा सांगितला जातो, कारण होज त्याच मापाने विकला जातो. क्लॅम्प मात्र बाहेरून बसतो. शिवाय होज तोंडावर चढवला की तो किंचित फुगतो. म्हणून मोजमाप होज चढवलेल्या अवस्थेत, क्लॅम्प जेथे बसणार त्याच जागी घ्यावे. व्हर्नियर नसेल तर त्या जागी दोरा एक वेढा गुंडाळून खूण करावी, दोरा सरळ करून मिलिमीटरमध्ये मोजावा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागावे. दोरा १२६ मिमी भरला तर व्यास ४० मिमी.

आता ४० मिमीसाठी कोणता क्लॅम्प घ्यावा? बाजारात २५–४०, ३२–५० आणि ४०–६० अशी मापे मिळतात आणि तिन्हींच्या मर्यादेत ४० हा आकडा येतो. २५–४० चा क्लॅम्प घेतला तर पट्टीचे जेमतेम काही दात स्क्रूत अडकतील आणि दाब येताच सुटतील. ४०–६० चा घेतला तर तो आवळण्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचलेला असेल. रबर थोडे दबले की पुढे आवळायला जागाच उरणार नाही, आणि पट्टीचे लांब शेपूट बाहेर राहून हात कापेल. ३२–५० हाच योग्य, कारण ४० हे त्याच्या मधल्या भागात येते. आपले माप क्लॅम्पच्या मर्यादेच्या साधारण मध्यावर यावे, हा नियम सर्व मापांना लागू आहे. हीटरच्या बारीक होजचा बाहेरचा व्यास २४ मिमी भरला तर १६–२७ आणि २०–३२ हे दोन्ही चालतात. अडचणीच्या जागी मी पहिला घेतो, कारण त्याचे शेपूट आखूड राहते.

एकच मोठा क्लॅम्प सगळ्या होजवर चालवून घेण्याचा मोह टाळावा. गरजेपेक्षा फार मोठा क्लॅम्प खूप आवळला की त्याचे वर्तुळ लंबगोल होते, स्क्रूच्या घराखाली (स्क्रू ज्यात फिरतो त्या भागाखाली) फट राहते आणि पाणी नेमके तेथूनच झिरपते.

४. पट्टीआधी स्क्रूचा धातू पाहा

माझ्या घाटातल्या फजितीचे मूळ येथे होते. स्क्रूच्या क्लॅम्पचे तीन भाग असतात: पट्टी, स्क्रूचे घर आणि स्वतः स्क्रू. हे तिन्ही एकाच धातूचे असतील असे धरून चालू नये. चांगल्या निर्मात्यांच्या क्लॅम्पवर किंवा खोक्यावर डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-५ अशी खूण असते. डब्ल्यू-१ मध्ये तिन्ही भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचे असतात. डब्ल्यू-२ मध्ये पट्टी आणि घर स्टेनलेसचे, पण स्क्रू मुलाम्याचा असतो. डब्ल्यू-३ मध्ये तिन्ही भाग लोहचुंबकाला चिकटणाऱ्या, निकेल नसलेल्या स्टेनलेसचे असतात. डब्ल्यू-४ म्हणजे तिन्ही भाग ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचे आणि डब्ल्यू-५ म्हणजे तिन्ही भाग ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे.

आपल्याकडच्या दुकानांत ‘स्टेनलेस’ म्हणून सर्रास हातात पडतो तो बहुधा डब्ल्यू-२. देशावरच्या कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षे टिकत असेल, पण आपल्या हवेत टिकत नाही. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते ग्रिलमधून आत येऊन सर्वत्र बसतात आणि दमट हवेतील ओल धरून ठेवतात. पट्टी उघडी असल्यामुळे धुऊन निघते आणि वाळते. स्क्रूचे आटे मात्र घराच्या आत, सावलीत आणि अडचणीत असतात. तेथे साचलेला खारट ओलावा हलत नाही. जस्ताचा मुलामा आधी पांढरा पडतो, मग संपतो आणि त्यानंतर आतले पोलाद झपाट्याने जाते. बाहेरून पाहणाऱ्याला चकचकीत पट्टी दिसत राहते, म्हणून हा दोष अधिक घातक आहे.

लोहचुंबक येथे कामी येतो. तो स्क्रूच्या डोक्याला लावून पाहावा. खिळ्याला चिकटावा तसा टपकन चिकटला, तर स्क्रू मुलाम्याच्या पोलादाचा आहे किंवा निकेल नसलेल्या स्टेनलेसचा. किनाऱ्यावर दोन्ही नकोत, कारण मिठाने त्या स्टेनलेसवरही खड्डे पडतात. ३०४ किंवा ३१६ चा स्क्रू लोहचुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. घडवताना धातूवर पडलेल्या ताणामुळे किंचित ओढ जाणवू शकते, पण साधा खिळा शेजारी धरून पाहिला की फरक लगेच कळतो. पट्टी, घर आणि स्क्रू असे तिन्ही ठिकाणी वेगवेगळे पाहावे. दुकानदार घाई करील, तरीही पाहावे.

३०४ घ्यावा की ३१६? दोन्हींत क्रोमियम आणि निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे तो मिठाला अधिक काळ तोंड देतो. माझे मत असे आहे की घरगुती मोटारीला आणि आतल्या गावांत फिरणाऱ्या गाडीला ३०४ पुरतो; त्यावर चहासारखे डाग पडतात, पण ताकद जात नाही. जी गाडी रोज जेटीवर उभी राहते, मासळी वाहते किंवा उधाणाच्या पाण्यातून जाते, तिच्यासाठी ३१६ घ्यावा. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात तो मिळाला नाही, तर मिरकरवाड्यासारख्या बंदराच्या आसपास, जेथे बोटींच्या इंजिनाचे सामान मिळते, तेथे चौकशी करावी. बोटवाले मिठाशी रोज झगडत असल्यामुळे त्यांना या प्रती ठाऊक असतात.

५. पट्टीची आतली बाजू बोटाने चाचपून पाहा

काही पट्ट्यांमध्ये स्क्रूसाठी आरपार खाचा कापलेल्या असतात. आवळताना रबर त्या खाचांतून वर येते आणि कडांनी कापले जाते. आतून गुळगुळीत, म्हणजे दात केवळ बाहेरून दाबून उठवलेले आणि कडा किंचित वर वळवलेल्या, अशी पट्टी घ्यावी. सिलिकॉनचा होज असेल तर हा नियम मुळीच मोडू नये. सिलिकॉन मऊ असल्यामुळे फार लवकर कापला जातो. पट्टीची रुंदी साधारणपणे ९ किंवा १२ मिमी असते. बारीक होजना ९ आणि रेडिएटरच्या जाड होजना १२ मिमीची बरी.

६. तोंड आणि होज तपासा

चांगला क्लॅम्प खराब तोंडावर लावून काही साधत नाही. होज काढल्यावर धातूच्या तोंडावरचा पांढरट किंवा हिरवट थर पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा; तोंड प्लास्टिकचे असेल तर केवळ ओल्या फडक्याने पुसावे आणि कोठे चीर आहे का ते बॅटरीने पाहावे. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते रेडिएटरमध्ये घातल्याने ॲल्युमिनियमची तोंडे आतून खाल्ली गेलेली मी पाहिली आहेत. कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच मिसळावे.

जुना होज बोटांनी दाबून पाहावा. टोकाला चिरा असतील, तो कडक झाला असेल किंवा पिलपिलीत लागत असेल, तर क्लॅम्पबरोबर होजही बदलावा.

७. बसवणे आणि आवळणे

क्लॅम्प आधी होजवर सरकवून ठेवावा आणि मग होज तोंडावर पूर्ण चढवावा. होज सहज चढत नसेल तर त्याच्या आत थोडे कूलंट चोळावे. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल कधीही लावू नये. कूलिंगच्या होजचे रबर खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते.

तोंडाच्या कडेजवळ एक उभारलेली कंगोरेदार वळी असते. क्लॅम्प त्या वळीच्या मागे बसला पाहिजे, वळीवर नव्हे, आणि होजच्या कापलेल्या टोकापासून सुमारे ५ मिमी आत असावा. स्क्रूचे डोके अशा बाजूला वळवावे की पुढे पाना सरळ पोहोचेल, आणि पट्टीचे शेपूट पंख्यापासून, बेल्टपासून व वायरींपासून दूर राहील. ही दिशा आवळण्यापूर्वीच ठरवावी.

स्क्रू ड्रायव्हरपेक्षा सॉकेट बरे, कारण ते खाचेतून निसटून रेडिएटरच्या जाळीत घुसत नाही. किती आवळावे यासाठी क्लॅम्पच्या निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा; ९ मिमीच्या पट्टीला साधारण ३ आणि १२ मिमीच्या पट्टीला साधारण ५ न्यूटन-मीटर हा अंदाज धरता येतो. टॉर्क पाना (किती जोर देऊन आवळले ते दाखवणारा पाना) नसेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी रबर किंचित वर उठू लागले की थांबावे. ‘अजून अर्धा फेरा, म्हणजे निश्चिंत’ या विचाराने हल्लीच्या रेडिएटरची प्लास्टिकची तोंडे तडकतात आणि क्लॅम्पच्या जागी सगळा रेडिएटर विकत घ्यावा लागतो. विजेवर चालणारा ड्रायव्हर वापरू नये. स्टेनलेसचा स्क्रू स्टेनलेसच्या घरात वेगाने फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात.

शेजारी शेजारी दोन क्लॅम्प लावण्याची पद्धत बोटींवर आहे आणि तेथे ती योग्यही आहे, कारण तेथील तोंडे त्यासाठी लांब ठेवलेली असतात. मोटारीचे तोंड आखूड असते. दुसरा क्लॅम्प तोंडाच्या पलीकडे पोकळ होजवर बसतो आणि त्याला कापतो.

८. पहिली चाचणी आणि पुढची तपासणी

कूलंट भरून, हवा काढून, झाकण लावून इंजिन सुरू करावे आणि पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत चालू ठेवावे. इंजिन बंद करून प्रत्येक जोडाभोवती बॅटरी फिरवावी आणि कोरडे फडके टेकवून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पुन्हा तेच करावे. स्क्रूचा क्लॅम्प पहिल्या एक-दोन तापण्या-गार होण्यानंतर थोडा सैल लागतो. तेव्हा तो गार अवस्थेत एकदाच, पुन्हा त्याच प्रमाणात आवळावा. तापलेल्या होजवर आवळू नये.

यानंतर मी वर्षातून दोनदा तपासणी करतो: मे महिन्याच्या सुरुवातीला, घाटातल्या फेऱ्या वाढण्याआधी, आणि पावसाळा सरल्यावर. तेव्हा जोडाच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा रंगीत थर, स्क्रूच्या डोक्यावरची पांढरी बुकटी आणि घराच्या फटीतून ओघळलेला तांबूस डाग, या तीन खुणा शोधतो. तांबूस डाग दिसला की क्लॅम्प आवळून पाहण्यात वेळ न घालवता बदलतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बॉनेट उघडून गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने क्लॅम्प पुसून घेतो, वायरींवर पाणी उडू न देता.

गाडीत एका पिशवीत २०–३२ आणि ३२–५० या मापांचे दोन-दोन क्लॅम्प, ७ मिमीचे सॉकेट आणि डिस्टिल्ड पाण्याचे दोन लिटरचे कॅन ठेवलेले असते. आपल्या गाडीच्या होजची मापे एकदा मोजून त्याप्रमाणे पिशवी भरावी आणि ती मापे एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावीत. घाटात गाडी बंद पडली आणि जवळ काहीच नसले तर बांधकामाची तार दुहेरी करून पिळता येते, पण केवळ जवळच्या गॅरेजपर्यंत, सावकाश आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून.